कालचा वारा

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा एसटी स्टँडवर माझ्या बॅगेपाशी उभे होते, पण ट्रान्झिस्टर कानाला लावून. ड्रायव्हरने हॉर्न दिला. आई करवादली, "पोरगी चलली मां! तिका बगा तरी!" बाबांनी हात वर करून तिला गप्प केलं. सरकारी रेडिओवर मच्छिमारांसाठीचं हवामान सांगत होते, आणि आमच्या किनाऱ्याचा रिवाज आहे: ते संपल्याशिवाय होडीचा दोर सोडायचा नाही. संपलं, तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जा आता. वारो बरो आसा."

तुम्ही त्या किनाऱ्यावरच राहिला असाल, किंवा माझ्यासारखेच शहरात येऊन मुलुंड-मानखुर्दला रुजला असाल, तर तुम्हाला हे वेगळं समजवायला नको. आमचे आजोबा गिरणी कामगार. संप फुटल्यावर पत्रकांचं गाठोडं घेऊन ते गावी परतले आणि मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. आता मी अंधेरीत एका ऑडिओ अ‍ॅपच्या कंपनीत आहे. कार्यक्रमांच्या खाली दोन ओळी लिहायच्या, म्हणजे लोक प्ले दाबतील. गावी एक रेडिओ लागला की सगळी आळी ऐकायची. इथे आम्ही तिघी एका खोलीत राहतो आणि तिघींच्या कानांत तीन वेगळी जगं.

अ‍ॅपवर माझा राग नाही. घाटकोपरची माझी मावशी पोळ्या लाटताना आमच्या जिल्ह्याचं केंद्र फोनवर ऐकते आणि मालवणी गाणं लागलं की डोळे पुसते. सरकारी रेडिओ फोनवर यायलाच हवा. फोनवरच यावा, हे मला मान्य नाही.

गेल्या हंगामात आमच्याकडचा प्रसारणाचा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. मच्छिमारांच्या सोसायटीने सगळ्यांच्या फोनवर आमच्याच कंपनीचं अ‍ॅप टाकून दिलं. सरकारी हवामान त्यावर मिळतं. एका सकाळी गावात नेटवर्क नव्हतं. बाबांनी बटण दाबलं. अ‍ॅपने आदल्या दिवशी उतरवून ठेवलेलं बातमीपत्र ऐकवलं: समुद्र शांत. बाबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, रिवाजाप्रमाणे, आणि दोर सोडला.

रेडिओला शिळं बोलता येत नाही. तो एक तर आत्ताचं बोलतो, नाही तर गप्प बसतो. बाबांचा सगळा जन्म या भरवशावर गेला. हवामान सांगणाऱ्या बाईचा आवाज आला म्हणजे बाई आत्ता बोलते आहे.

वाऱ्यात त्यांची जाळी गेली. ते परत आले. संध्याकाळी फोनवर मला म्हणाले, "तुज्या हापिसातल्यांका इचार गो, कालचो वारो आज कित्याक इकतत?"

मी दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये विचारलं. आमचा टीम लीड तेजस, मुलुंडचा, मनाने चांगला. म्हणाला, "झालं! आली मोर्चा घेऊन! अगं यार, ऑफलाइन प्ले हे तर आपलं बेस्ट फीचर आहे ना."

"गाण्यांसाठी असेल. माझा बाप गेला असता, रे."

 त्याच आठवड्यात तेजसने इंजिनियरांच्या मागे लागून बदल करून घेतला. जुनं हवामान आता अ‍ॅपवर वाजतच नाही. पण खोल समुद्रात नेटवर्क नसतं, तिथे अ‍ॅपची वाटच लागते. तिथे फक्त मनोऱ्याची लहर पोचते.

आणि आता तो मनोराच कायमचा बंद करायचा प्रस्ताव आहे, त्यावर हरकती मागवणारी सरकारी सूचनाही निघाली. ऐकणारे कमी, खर्च जास्त, सगळं अ‍ॅपवर आहेच की, असं कारण. मी पेटले. ज्याला काही विकता येत नाही, त्याच्याशीही रोज बोलायचं, यासाठीच तर सरकारी रेडिओ! होडीत बसलेल्या चार माणसांना जाहिरातदार नसतो. म्हणून त्यांना आवाजही नको?

एका दमात हरकतीचं पत्र लिहिलं. तेजस म्हणाला, "कंपनीचं नाव नको घालूस, प्लीज." नाही घातलं. खाली माझं नाव, माझा पत्ता. मग सूचना नीट वाचली: हरकत फक्त प्रसारण क्षेत्रातल्या रहिवाशांची धरली जाईल. माझ्या आधार कार्डावर अंधेरी आहे. मी स्वतःच तो पत्ता बदलून घेतला होता, भाडेकरारासाठी.

मी बाबांना फोन केला. म्हटलं, "माझी हरकत चालत नाही."

"माजी चलता मां? वाच तू. मी सही करतंय."

मी माझं नाव खोडून बाबांचं घातलं, 'मी' तसाच ठेवला, 'बाबा समुद्रावर जातात'चं 'मी समुद्रावर जातो' केलं आणि बाबांना उतरवून घेता यावं म्हणून पत्र मोठ्याने वाचायला लागले. 'मी समुद्रावर जातो' हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाबांनी मध्येच थांबवून दोन शब्द कापायला लावले, फार पत्रकासारखे वाटले म्हणून. मग पलीकडून आईने शेजारच्यांना हाका मारल्या, त्यांच्याही सह्या हव्यात म्हणून.

मनोऱ्याचं काय होईल, अजून ठरलेलं नाही. मी अंधेरीची झाले आहे, हे मात्र कागदोपत्री पक्कं आहे. तरी घर कुठे असं कुणी विचारलं तर मी त्या किनाऱ्याचं नाव सांगते, जिथे माझी सही चालत नाही, पण माझ्या शब्दांखाली कुणीतरी ते आपले म्हणून सही करून देतं.