उतरून बघता येत नाही अशी गाडी

तिच्या हुकमात एक गाडी होती, पण त्या गाडीला तिने कधी हात लावला नव्हता. गाडी मंगळावर, आणि ही इथे, एका लांबट खोलीत खिडकीपाशी. सहा चाकं, पाठीवर ऊन पिणारी पाटी, पुढे एक लोखंडी हात, उंच मानेवर दोन डोळे. तिकडे उजाडलं की दिवसभराचा हुकूम एकदम पाठवायचा: एवढं पुढे जा, वळ, थांब, बघ. ती हाक तिथे पोचेपर्यंत इथे कपातला चहा निवायचा. आणि एकदा गेली की गेली. सुटलेला बाण आणि बोललेला शब्द, त्यांच्या पंगतीला ही तिसरी. गाडीने दिवसभरात काय दिवे लावले ते मावळतीला फोटो आले म्हणजे कळायचं.

कामावर तिला सगळे सारथी म्हणत. घरी बाबा पोरीच म्हणत, पोरीचे केस पिकायला लागले होते तरी.

बाबांचा जन्म मालट्रकवर गेला. त्यांनी शिकवलं म्हणावं असं एकच: शंका आली की उतरून बघावं, काचेतून दिसतं ते अर्धं. गाडी मागे घेताना उतरायचे, रस्त्यावर नुसतं पाणी चमकलं तरी उतरायचे. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. लहानपणी शेजारच्या सीटवर बसून तिने ट्रकचं दार इतक्या वेळा आपटताना ऐकलं होतं, की बाबा म्हटलं की अजून तिला तोंडाआधी तो आवाज आठवे. त्यांची नोकरी एकदा अचानक गेली होती. का गेली, ते घरात कुणी काढत नसे.

आणि अशा माणसाच्या लेकीच्या वाट्याला गाडी आली ती ही, जन्मात कधी उतरून बघता यायचं नाही अशी.

आता बाबा गुडघ्यांमुळे घरात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खिडकीशी बसून ते रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवत. ती जिना चढून आली की पहिला प्रश्न ठरलेला.

"आज किती गेली?"

"या दारापासून कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत."

"अगं, माझी बंद पडलेली गाडी चौघांनी ढकलली तरी याहून पुढे जायची."

"तुमच्या गाडीला ढकलायला चौघं होते, बाबा."

मग दोघं हसायची आणि ती भाजी चिरायला बसायची. पण त्या हंगामात तिचं हसू ओठांच्या आत शिरत नव्हतं. बाबांनी ते ओळखलं होतं. विचारलं मात्र नाही.

गाडी एका कड्यासमोर येऊन उभी होती. उंच, तांबूस कडा, आणि त्यात थरावर थर, कपाटात घड्या घालून ठेवलेल्या चादरींसारखे. अगदी तळाशी एक काळपट पट्टा होता, इतक्या बारीक थरांचा की फोटोत नुसत्या रेघा दिसत. त्या पट्ट्यासाठी मास्तरांनी आपली वर्षं घातली होती. मास्तर म्हणजे या कामाचे प्रमुख. आधी कॉलेजात दगड शिकवायचे, ते नाव चिकटलं ते चिकटलं. त्यांचा प्रश्न साधा होता. हे थर वाऱ्याने आणून टाकले, की निवांत पाण्याच्या तळाशी गाळ बसत बसत झाले? लांबून दोन्ही सारखंच दिसतं. गाडीचा हात दगडाला टेकवून, त्या हातातल्या भिंगातून कण बघितले तरच सांगता येतं. तिथे एके काळी तळं होतं की नाही, एवढं त्या एका स्पर्शावर अडलेलं.

मास्तरांची छाती बिघडली होती. हा हंगाम संपला की ते घरी बसणार होते. इकडे मंगळावर हिवाळा येत होता; ऊन तिरपं होत होतं आणि गाडीला थोड्याच दिवसांत उन्हाकडे झुकलेल्या उतारावर जाऊन बसायचं होतं. नाही गेली तर गारठून मरणार. म्हणजे जायचं तर आत्ताच.

पण गाडी आणि कडा यांच्यामध्ये वाळूचा एक लांबट उंचवटा आडवा पडला होता. वळसा घालावा तर धारदार दगड, आणि गाडीचं पुढचं एक चाक आधीच फाटलेलं. इकडे आड, तिकडे विहीर.

अशा वेळी जुळीला विचारायचं, हा त्यांचा रिवाज. जुळी म्हणजे तशीच दुसरी गाडी, इथल्या मोठ्या शेडमध्ये ठेवलेली. तिचं पोट मुद्दाम रिकामं, कारण तिकडे सगळंच वजनाने हलकं. शेडमध्ये वाळू पसरून तसाच उंचवटा करायचा आणि जुळीला त्यावरून न्यायचं. वाळू मात्र आधी भट्टीत भाजून खडखडीत सुकी केलेली हवी. मंगळावर ओल कुठली?

जुळी गेली. न घसरता, न रुतता, पाहुणी घरात शिरावी तशी पलीकडे उतरली. शेडमध्ये टाळ्या पडल्या. लोखंडी हाताचं काम बघणारा, ज्याला सगळे हातवाला म्हणत, तो म्हणाला, "सारथी, आता तुझ्या बाबांना सांग, आमची गाडी कुणी ढकलत नाही म्हणून." मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

सगळे वर गेले. हुकूम पाठवायच्या आधी तिला जेवून घ्यायचं होतं. अर्ध्या वाटेवरून ती परत फिरली. कशाला, हे तिला सांगता आलं नसतं. कानात कुठेतरी ट्रकचं दार आपटलं असेल. शेडमध्ये येऊन ती जुळीच्या चाकोरीपाशी गुडघ्यावर बसली.

चाकाचा ठसा स्वच्छ उमटला होता. नको इतका स्वच्छ. सुक्या वाळूत ठशाच्या कडा ढासळतात. इथे त्या सुरीने कापल्यासारख्या उभ्या होत्या. तिने मूठभर वाळू उचलली, दाबली आणि मूठ उघडली. वाळूचा गोळा तळहातावर तसाच बसून राहिला.

शेड सांभाळणारे मामा कोपऱ्यात झाडू मारत होते.

"मामा, वाळू भाजली होती ना?"

"भाजली की. काल अख्खा दिवस भट्टीपाशी होतो."

"मग ही ओल?"

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. "ओल कसली, ताई. सकाळी जरा झारीने पाणी मारलं वरवर. फार धुरळा उडतो हो. मास्तर आले की खोकून खोकून बेजार होतात. बघवत नाही."

तिने गोळ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. रागवायला तिला जागाच सापडेना.

"सगळीकडे मारलं?"

"कुठे मारलं, कुठे राहिलं. आता कसं सांगू?" मग त्यांचा चेहरा उतरला. "का? काही बिघडलं का?"

वरच्या खोलीत सगळे गोल बसले होते. पाठवण्याआधी एकेकाला विचारायचं, आणि ज्याने त्याने आपल्या कामापुरतं "तयार" म्हणायचं, ही तिथली रीत. एकाने जरी नाही म्हटलं तरी त्या दिवसाचा हुकूम जात नसे. डोळे तयार. पाटी तयार. हात तयार, असं हातवाला जवळजवळ गात म्हणाला. सारथी नेहमी शेवटी.

"नाही," ती म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"शेडमधली वाळू ओली होती. जुळी ओलीवरून गेली. गाडी तिकडच्या सुक्या वाळूवरून जाईल की रुतेल, मला माहीत नाही."

"ओली कशी झाली?" हातवाल्याने विचारलं.

दाराशी मामा येऊन उभे राहिले होते. तिने तिकडे बघितलं नाही. "शेड आहे. ओल धरते."

"किती ओल?" हे मास्तर.

"मुठीत धरली तर गोळा होईल एवढी."

"कदाचित त्याने काहीच फरक पडत नसेल."

"कदाचित."

"पुन्हा वाळू सुकवून बघण्यात उरलंसुरलं ऊन जाईल. तुला कळतंय ना तू काय थांबवते आहेस?"

"कळतंय, मास्तर."

"आणि तरी नाही."

"तरी नाही."

मास्तर उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेले. जिन्यात त्यांचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता.

वाळू पुन्हा भाजली, पसरली. सुक्या वाळूवरून जुळीला दोनदा नेलं. एकदा पार गेली, एकदा पोटापर्यंत रुतली. तिसऱ्यांदा बघायला दिवसच उरले नव्हते. हातवाला म्हणाला, "म्हणजे छापा की काटा. मी असतो तर टाकलं असतं नाणं." तो वाईट माणूस नव्हता. पण त्यानंतर ती आली की डबा खाणाऱ्यांच्या गप्पा जरा बसल्यासारख्या होत.

गाडीला तिने कड्याकडे पाठ करून उताराकडे चालवलं. जाताना मान मागे वळवून फोटो काढायचा हुकूमही तिनेच लिहिला. हिवाळा सरल्यावर गाडी जागी झाली, डोळे उघडले, पाटीवर ऊन आलं. फाटलेलं चाक मात्र कायमचं जाम झालं होतं. कड्यापर्यंत परत जाणं आता होणार नव्हतं. काळा पट्टा तिकडेच राहिला, आणि त्याबरोबर मास्तरांचा प्रश्नही.

मास्तर निघायच्या दिवशी तिच्या टेबलापाशी आले. हातात तो मागे वळून काढलेला फोटो होता.

"पाणी माझ्यासाठी मारलं होतं म्हणे. मामांनी सांगितलं."

"त्यांना काही बोलू नका, मास्तर."

"काय बोलणार? त्या दिवशी शेडमध्ये मी एकदाही खोकलो नाही. बरं वाटलं होतं मला." ते किंचित हसले. "मला वाटलं, आनंदाने थांबला असेल खोकला."

तिला वाटलं, आता ते म्हणतील की तू केलंस ते बरोबर. किंवा चूक. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. पण त्यांनी फोटो पाकिटात घातला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज किती गेली?"

"जागची हलली नाही."

ती चपला न काढताच बसली आणि सगळं सांगून टाकलं. ओल, मामा, वरच्या खोलीत म्हटलेलं ते "नाही". शेवटी म्हणाली, "रुतली असती तर लोक म्हणाले असते, रुतवली. आता म्हणतात, भ्याली. जी गाडी रुतलीच नाही, ती रुतली असती हे दाखवू कसं?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं.

"माझी नोकरी गेली ना," ते म्हणाले, "ती एका पुलापायी. नदी चढलेली. मी उतरलो, बघितलं. खांबाशी पाणी वेगळंच बोलत होतं. म्हटलं, मी गाडी घालत नाही. मालक म्हणाला, मग किल्ली ठेव आणि घरी जा. माझ्यामागे दुसऱ्या ड्रायव्हरने तीच गाडी तिथून नेली. आरामात."

"आणि पूल?"

"पुलाला काय होतंय. अजून उभा आहे."

"मग तुम्ही चुकलात का?"

"इतकी वर्षं तेच बघतोय," बाबा म्हणाले. "अजून दिसलं नाही." मग त्यांनी पाय लांब करून गुडघा चोळला. "चपला काढ आधी. आणि उद्या जाशील ना कामावर?"

"जाईन. गाडी जागेवरच आहे, पण डोळे चालू आहेत तिचे. काय बघायचं ते कुणीतरी सांगायला हवं."

"मग झालं तर," बाबा म्हणाले, आणि रस्त्यावर मागे बघितल्याशिवाय गाडी मागे घेणाऱ्या एकाला त्यांनी खिडकीतूनच हाक मारली, "अहो, उतरा, उतरून बघा जरा."

त्या माणसाने मान वर करून पाहिलं. तो उतरला नाही. गाडी मात्र काही न लागता नीट मागे गेली, आणि ती दोघं ती जाताना बघत राहिली.