दुधातले दोन बुडबुडे

मंडळी, मी राजारामपुरीत क्लासला फिजिक्स शिकवते. आज चंदगडहून मामा आले आणि तिन्हीसांजेला मला दूधकट्ट्यावर, म्हशीचं धारोष्ण दूध पेल्यात देतात तिथं, घेऊन गेले.

त्यांची जुनी थिअरी आहे. आकाश ईथर नावाच्या न दिसणाऱ्या द्रवानं भरलंय. तो जमिनीकडं वाहतो म्हणून झाडावरचा काजू खाली पडतो, आणि उजेड ही त्याचीच लाट.

"बरोबर का चूक, आज सांगच."

पेल्यातले दोन बुडबुडे सरकत एकमेकांना चिकटले. "बघ की! मधलं दूधच त्यास्नी जवळ आणतंय."

मी म्हटलं, "मामा, ईथर लोकांनी लई शोधलं. सापडलं न्हाय."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग वर नुकत्याच उगवलेल्या चांदणीकडं बघत म्हणाले, "म्हंजे तिच्या आन् आपल्या मधी कायबी न्हाय?"

'काही नाही, नुसती पोकळी' हे उत्तर मला पाठ होतं. देववलं नाही.

तुम्ही दिलं असतं?