दादाचं कुलूप

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा धाकटा बायकोला म्हणाला, मुलाखतही होईल आणि जाता जाता वहिनीची भेटही होईल. ‘जाता जाता’ ही त्याने स्वतःचीच घातलेली समजूत होती. दादा गेल्याला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून हा पठ्ठ्या तिकडे फिरकला नव्हता. आता गरज पडल्यावर वहिनी आठवली. तो ज्या कारखान्यातल्या लिफ्ट सांभाळायचा तो बंद पडला होता, आणि घर बायकोच्या शिवणयंत्रावर चाललं होतं. “अहो, काहीही करा, पण नोकरी घेऊनच या,” असं म्हणून तिने त्याची बॅग भरून दिली. नोकरी होती कापडाच्या एका मोठ्या गोदामात, लिफ्ट मेकॅनिकची. म्हणजे दादाचीच. जागा अजून भरलेली नाही हे फोन करून सांगितलं होतं तेही वहिनीनेच.

“वहिनी, मी आलोय,” असं त्याने दाराबाहेरून म्हटलं, तर आतून बराच वेळ काही हालचाल नाही. मग दार उघडलं. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आवाज ऐकून घाबरले हो भावजी,” ती म्हणाली. “अगदी त्यांचाच.”

दोघा भावांचा आवाज एकसारखा, हे घरात पूर्वी हसण्यावारी नेलं जायचं. फोनवर हा बोलायला लागला की वहिनी याच्यावरच डाफरायची, कधी येणार म्हणून. आज त्यातलं काहीच हसू येण्यासारखं उरलं नव्हतं, आणि धाकटा उगाच हळू आवाजात बोलू लागला.

संध्याकाळी तो सवयीने दाराला आतून कडी घालायला गेला.

“राहू द्या ती कडी,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

“अहो, दार सताड उघडं ठेवता की काय?”

“लोटलेलं असतं. त्यांचं काम कुठे संपलंय अजून.”

भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं इतक्या साधेपणाने ती बोलली. धाकट्याने कडी तशीच सोडली. दाराशेजारच्या खिळ्याला लाल दोरा बांधलेली एक छोटी किल्ली लटकत होती. ती त्याने पाहिली, पण काही विचारायची हिंमत झाली नाही.

अर्थ लागला तो सकाळी, गोदामाच्या फाटकाशी. तिथला हमालांचा मुकादम, लंबू, हा दोघा भावांचा शाळेपासूनचा दोस्त. बायको सोडली तर कुणाला न भिणारा गडी. पण मागच्या लिफ्टचा विषय निघाला आणि त्याने हातातला चहा खाली ठेवला.

“तुझ्या दादाचं कुलूप अजून तिथेच आहे,” तो म्हणाला.

या कामातला नियम धाकट्याला ठाऊक होता; दादानेच तो शिकवला होता. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वर-खाली होते त्या उभ्या बोगद्यात, शिरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली आपल्या खिशात. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. कुलूप आहे तोवर माणूस आत आहे असंच धरायचं. त्या दिवशी दादा कुलूप लावून वर चढला, जीव घाबरा झाला म्हणून उतरला, पाणी पिऊन येतो म्हणाला आणि अंगणातल्या बाकावर बसल्या बसल्या गेला.

“किल्ली मिळाली नाही,” लंबू म्हणाला. “मॅनेजर कुलूप कापायला निघाला, तर पोरांनी कापू दिलं नाही. दोन मेकॅनिक आले आणि पाय लावून पळाले. अरे, वरून पाना ठोकल्याचा आवाज येतो. मी ऐकलाय. दादा ठोकायचा ना, तसाच.”

मुलाखत कसली, दोन वाक्यांत आटोपली. मॅनेजर वैतागलेला होता. एका लिफ्टवर पाच मजल्यांचा माल चढवून त्याची झोप उडाली होती. “कापा नाहीतर फोडा, पण उद्या ती लिफ्ट चालू करून दाखवा. नोकरी तुमची.”

धाकटा घरी आला तो मान खाली घालून. वहिनी बाहेर गेली होती. किल्ली समोरच होती. हात लांबवला असता तर काम फत्ते होतं. घरी शिवणयंत्रावर वाकलेली बायको त्याच्या डोळ्यांपुढे होती, आणि तरी हात उचलेना. ही किल्ली नेली की दादा खरोखरच गेला, आणि नेणारे आपण, या विचाराने त्याला रडू फुटलं.

“मॅनेजर कुलपाचंच म्हणाले ना?” दारातून वहिनी म्हणाली. ती कधी आली ते त्याला कळलंच नव्हतं. “किल्ली त्यांच्या खिशातच होती, मी कुणाला सांगितलं नाही. पण परक्याने कापलेलं मला बघवलं नसतं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. उद्या मी येते बरोबर.”

दुसऱ्या दिवशी सगळे हमाल काम टाकून मागच्या लिफ्टपाशी गोळा झाले. स्विचवर ते लाल कुलूप धुळीने माखलेलं होतं. वहिनीने त्याला हात लावला नाही. “आधी हाक मारायची असते,” ती म्हणाली. “ते सांगायचे मला.”

खरंच होतं. कुलूप काढायच्या आधी शाफ्टमध्ये हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची. धाकट्याने तळमजल्याचं दार सरकवलं आणि वर अंधारात पाहिलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली होती.

“कोणी आहे का?” तो ओरडला.

वरून दादाने विचारलं, कोणी आहे का?

लंबूने भिंत धरली. प्रतिध्वनी आहे हे धाकट्याला कळत होतं, आवाज आपलाच आहे हेही कळत होतं, तरी तो मागे सरणार तोच वहिनी पुढे झाली आणि वर बघत म्हणाली, “आहे. मी आहे ना इथे. झालं काम. उतरा आता खाली.”

मग तिने लाल दोऱ्याची किल्ली काढून धाकट्याच्या हातात दिली.

स्विच चढला. लिफ्ट करकरत निघाली आणि सावकाश एकेक मजला उतरत खाली आली. दार उघडलं. आत एक पाना पडला होता, बाकी काही नव्हतं. वहिनी बघत राहिली. आणि मग बाहेर येणाऱ्याला वाट द्यावी तशी एका बाजूला झाली.

नोकरी मिळाली. बायकोला फोन करून झाला. दिवे लागल्यावर वहिनी उठली, दारापाशी गेली आणि तिने आतून कडी घातली. मग रिकाम्या खिळ्याकडे पाठ करून उभी राहिली.

“भावजी,” ती म्हणाली, “उद्यापासून तुमचं कुलूप असेल. ते काढल्याशिवाय घरी यायचं नाही. मला पुन्हा जमणार नाही.”