डॉक्टर लबीब यांचा आवाज

डॉक्टर लबीब यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी जवळजवळ मेलेलो होतो. वसंताच्या सणाला शेजाऱ्यांच्या आग्रहाने मी फसीख खाल्लं होतं, आणि मिठात मुरलेल्या त्या माशाने माझ्या पोटात नाईलचा पूर आणला होता. धरण बांधल्यापासून खुद्द नाईललाही असा पूर आलेला नाही. वाटेतल्या प्रत्येक खजुरीचा निरोप घेत मी औषधाच्या दुकानात पोचलो. मी गावच्या शाळेत भूगोल शिकवायला नुकताच आलो होतो, आणि दुकानात निम्म्या वर्गाच्या आया उभ्या होत्या.

आमच्याकडे स्वतःच्या दुखण्यासाठी औषध मागायची पद्धत नाही. दुखतं ते नेहमी चुलतभावाचं. मीही पुटपुटलो, "माझ्या चुलतभावाला जरा पोटाचा त्रास होतोय."

"जुलाब?" हा आवाज कालव्यापलीकडच्या म्हशींनीही ऐकला असावा. "पाण्यासारखे की दाट?"

सगळ्या आयांनी वळून पाहिलं.

"त्याला... विचारून सांगतो."

"अवश्य विचारा! आणि मास्तर, त्याला म्हणावं, आधी या खुर्चीत बस आणि हे मीठ-साखरेचं पाणी माझ्यासमोर पी. तुम्ही पडलात तर तो बिचारा वाचायचा नाही!"

लबीब बिश्रा यांची पदवी औषधनिर्माणाची, पण गाव त्यांना डॉक्टरच म्हणे. अलेक्झांड्रियात शिकून ते परत आले, वडिलांच्या धान्याच्या कोठीत दुकान थाटलं आणि पहिल्या दिवसापासून ओरडायला लागले. त्यांचे कान उत्तम होते. आपण ओरडतो हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. गावात सोयरीक जुळवताना कुणी मुलाची चौकशी करत नसे. मुलाच्या बापामागे दुकानाच्या रांगेत उभं राहिलं की घराण्याची सगळी दुखणी कळत.

मग समोर कैरोच्या एका मोठ्या कंपनीचं औषधांचं दुकान उघडलं. काचेचं दार, गार हवा, आणि ओठ न हलवता बोलणारी पोरं. लबीब यांच्या दुकानातली रांग रस्ता ओलांडून गेली.

"गार हवेसाठी जातात," लबीब म्हणाले.

"गार हवा कसली!" त्यांची बायको ईरीनी म्हणाली. "तिथे कुणी त्यांची मूळव्याध गावजेवणाला वाढत नाही. तुम्ही ओरडता."

"मी ओरडतो?" लबीब ओरडले. शेजारचं कबुतर उडालं. "हे बघ, दुकान गेलं तर मी करू काय? दिवसभर घरात बसून तुझ्याशी बोलू?"

ईरीनीचा चेहरा पांढरा पडला. त्याच दिवसापासून तिने त्यांना हळू बोलायला शिकवायला घेतलं. मसुराचं सूप मागतानाही आवाज चढला की वाटी परत जाई. बिचारे उपाशी राहून शिकले.

या शिक्षणाचा पहिला प्रयोग हाज मुतवल्लींवर झाला. मुतवल्ली हजला जाऊन आले म्हणून हाज; गावचे भटारी, पावाच्या तीन भट्ट्यांचे मालक. त्यांच्या चुलतभावाला बसताना त्रास होत होता.

लबीब काउंटरवरून वाकले, हाजचा हात हातात घेतला आणि कानाशी हलकेच म्हणाले, "काही नाही रे हाज. पाणी भरपूर पी. तिखट सोड."

मुतवल्ली थिजले. "डाक्टर, तू असा का बोलतोयस?"

"कसा?"

"माझ्या उशाशी बसल्यासारखा!"

"अरे, सहज," लबीब कुजबुजले, आणि प्रेमाने हसले. त्या हसण्याने उरलीसुरली आशाही संपली.

हाज घरी गेले. बांधाच्या भांडणावरून ज्याच्याशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता त्या सख्ख्या भावाला बोलावून मिठी मारली, आणि वर बांधही त्याला देऊन टाकला. संध्याकाळी अर्धं गाव, आजाऱ्याला भेटायला नेतात तशा साखरेच्या पुड्या घेऊन हजर. हाज मधोमध उशीवर बसून वांग्याची तिखटजाळ भाजी खात होते आणि प्रत्येक घासाला डोळे पुसत होते.

लबीब धावतच आले आणि दारातूनच गरजले, "अरे गाढवा, साधी मूळव्याध आहे! आणि तिखट सोड म्हटलं होतं ना!"

घरात आनंदाची लाट उसळली. बायका किलकाऱ्या मारायला लागल्या. हाजने उठून लबीब यांचं डोकं चुंबलं आणि लगेच भावाकडे बांध परत मागितला. भावाने दिला नाही.

दुसऱ्या दिवशी लबीब यांचं दुकान पुन्हा भरलं. बाक कमी पडले, शेजारच्या कॉफीवाल्याने खुर्च्या दिल्या. लबीब मनसोक्त ओरडत होते, लोक पोट धरून हसत होते आणि मधेच सांगत होते, "डाक्टर, ती खोकल्याची गोष्ट परत सांग!" असं रोज चाललं. हसून झालं की लोक उठत, कपडे झटकत आणि रस्ता ओलांडून आपापल्या चुलतभावाची औषधं समोरून आणत. मीही तिथूनच आणत असे.

पुढच्या हिवाळ्यात लबीब यांनी दुकान समोरच्या कंपनीला विकलं. ती आता तिथे रिकामी खोकी ठेवते.