कामरेजला निघालेला वड

लिंबायतच्या त्या गल्लीत कलाबाईला ओळखत नाही असं माणूस नाही, आणि तिच्या नवऱ्याला, धुडकूला, ऐकू येतं असं सांगणारंही कोणी नाही. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर त्याच्या कानांनी आपणहून राजीनामा दिला. त्यामुळे त्या घरात गुपित असं काही उरलं नाही. मिठाचा डबा कुठे ठेवलाय हे कलाबाईने नवऱ्याला सांगितलं, की ते पलीकडच्या चार घरांनाही कळतं.

कलाबाई धरणगावकडची. लग्न होऊन सुरतेला आली आणि इथलीच झाली. घरी बसून धागा कटिंग करते. म्हणजे भरतकामाच्या साड्या मशीनवरून उतरल्या की त्यांच्या पाठीला धाग्यांची दाढी लोंबत असते. ती छोट्या कात्रीने भादरायची. गल्लीतल्या सगळ्या बायकांचं हेच काम. दारात बसायचं, मांडीवर साडी घ्यायची, हाताने धागे कापायचे आणि तोंडाने येणाऱ्याजाणाऱ्याला.

देवाधर्माचं कलाबाई बोलून दाखवत नाही. सकाळी दिवा लावते, हात जोडते, कामाला बसते. पण वर्षातून एक दिवस तिला मन खात राही. वटपौर्णिमेला ह्या भागात जवळपास वड नाही. जो आहे तो लांब, तिथे बायकांची ही गर्दी, आणि कलाबाईचे गुडघे रिक्षात बसायलाही कुरकुरतात. मग बाजारातून फांदी आणायची, पाटावर उभी करायची आणि तिला सूत गुंडाळायचं. नवऱ्याला उदंड आयुष्य दे म्हणून मागायचं कोणाकडे, तर ज्याला सकाळीच कोयत्याने तोडलंय त्याच्याकडे! दरवर्षी ती पूजेच्या शेवटी हळूच म्हणायची, "बा देवा, चूकभूल पोटात घाल. पुढच्या वर्षी मुळं असलेला बघते."

तर यंदा पौर्णिमेच्या चार दिवस आधी मुळं असलेला वड आपणहून चालून आला. म्हणजे आधी अमितसाहेब आला. वय पंचवीस, गळ्यात कंपनीचं कार्ड, वडील बँकेत, बोलणं पुण्याचं. उधन्याच्या एका मोठ्या मिलच्या धनसुखशेठचा माणूस.

"मावशी, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही वडाचं झाड लावणार. पौर्णिमेलाच. सगळ्या बायकांनी छान तयार होऊन, पूजेचं ताट घेऊन यायचं."

"आणि ते कशापायी?"

"सीएसआर, मावशी. मोठ्या कंपनीने नफ्यातला थोडा भाग समाजासाठी खर्च करायचा, असा कायदा आहे."

"म्हणजे दान."

"दान नाही हो. जबाबदारी."

"तेच म्हटलं," शेजारची सुंदरा मान वर न करता म्हणाली, "दान असतं तर फोटोवाला कशाला आणला असता!" कारण फोटोवाला मागे उभा राहून गल्ली कुठून जास्त गरीब दिसते ते बघत होता.

कलाबाईला मात्र फोटोशी काही घेणं नव्हतं. दारातून चार पावलांवर, जमिनीत रुजलेला वड! त्या रात्री तिने धुडकूला ती बातमी दिली, आणि अख्ख्या गल्लीला मिळाली.

पौर्णिमेला सकाळी दहा वाजता मांडव पडला. झाडापेक्षा बॅनर मोठा होता. वड माणसाएवढा, चांगला पानांनी भरलेला. शेठ आले, सोबत शेठाणी हंसाबेन बांधणी नेसून. शेठनी रिबिन बांधलेल्या फावड्याने माती टाकली. फोटोवाला म्हणाला, परत. शेठनी तीच माती पुन्हा टाकली. असं चारदा झालं, तरी खड्डा काही भरेना. शेवटी उरलेली माती लोटूने पायाने ढकलली. हा लोटू टेम्पोवाला, अमळनेरचा, झाड घेऊन आलेला.

हंसाबेनचाही उपास होता. गुजराती बायकांतही हे व्रत असतंच. म्हणून पहिलं सूत त्यांनी गुंडाळलं, सात फेरे, अगदी मनापासून. मग गल्लीतल्या चाळीस बायकांनी. कलाबाईचे गुडघे त्या दिवशी एका शब्दाने बोलले नाहीत. सातव्या फेऱ्याला तिने वडाच्या बुंध्याला हात लावला आणि तिचे डोळे भरून आले. धुडकू समोर खुर्चीवर बसून, लोक टाळ्या वाजवतात ते बघून, सगळ्यांच्या नंतर टाळ्या वाजवत होता.

शेठची गाडी गेली. बॅनर उतरला. आणि लोटूने मातीत हात घालून चाचपून एक कड धरली.

"काय करतोस रे लोटू?" कलाबाईने विचारलं.

"ड्रम काढतो, मावशी. झाड ड्रमातच आहे. चार वाजता कामरेजला लावायचंय."

"लावलेलं झाड परत लावतात होय?"

"सोमवारी उधन्याला लावलं. बुधवारी एका शाळेत लावलं. ह्या वडाने माझ्यापेक्षा जास्त सुरत पाहिली."

फांदीची पूजा तरी कळून केलेली असते. ही तर फसवणूक झाली, आणि तीही देवाची. ती अमितकडे वळली. "साहेब, आत्ताच तर पूजा झाली."

"हो ना, फार सुंदर झाली! आता फक्त एवढे धागे काढून द्या. कामरेजच्या फोटोत दिसायला नकोत." मग चाळीस बायकांकडे बघून त्याला एकदम सुचलं. "तुमचं तर कामच आहे हे! धागा कटिंग. पाच मिनिटांत होईल."

एकीचीही कात्री पिशवीतून बाहेर आली नाही.

"साहेब," सुंदरा म्हणाली, "हे साडीचे धागे नाहीत. ह्याला एकेक नवरा बांधलाय."

"अहो, नुसता दोरा आहे तो. लोटूभाऊ, तू काप."

लोटू दोन पावलं मागे सरला. "माझी बायको सकाळपासून उपाशी आहे, साहेब. नोकरी घ्या, पण हे सांगू नका."

तेव्हा अमितने स्वतःच एकीच्या पिशवीतली कात्री काढली.

"कापा की," सुंदरा म्हणाली, "पण जरा बघून. तो हळद लागलेला आमच्या हिलालभाऊंचा. त्यांना आधीच शुगर आहे."

हिलाल रात्रपाळी करून घरात झोपला होता. आपलं नाव आणि कात्री ह्या दोन गोष्टी एकदम कानावर पडल्या तसा तो लुंगी सावरत बाहेर आला. "ओ साहेब! तिकडून नको, तिकडून नको!" त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. एरवी बायकोच्या उपासाला हसणारे सगळे पुरुष डोळे चोळत वडाभोवती उभे राहिले. जो तो आपला धागा कोणता ते विचारू लागला, आणि सापडला की त्यावर हात ठेवून उभा राही.

धुडकूला काही उमगेना. कलाबाई त्याच्या कानाशी जाऊन अहिराणीत ओरडली, "साहेब तुमना धागा कापी राहिनात!"

धुडकू उठला, वडाला पाठ लावून मांडी घालून बसला आणि म्हणाला, "चहा आण."

अमितने त्याला पाच मिनिटं समजावलं. पर्यावरण सप्ताह, कामरेजचे पाहुणे, अहमदाबादला मिळणारं बक्षीस, सगळं सांगितलं. धुडकूने सगळं प्रेमाने बघून घेतलं. ऐकू येणाऱ्याला कदाचित पटलंही असतं.

"मावशी, माझी नोकरी जाईल हो," अमित रडकुंडीला आला.

कलाबाईला त्याची दया आली. लेकरासारखंच होतं. ती म्हणाली, "बाळा, एक विचारते. सगळ्यात पहिलं सूत कोणी बांधलं?"

"हंसाबेननी."

"मग आमचे चाळीस कापशील, पण तळाशी कोण निघेल?"

अमितने बुंध्याकडे बघितलं. सगळ्यांत आत, बुंध्याला घट्ट चिकटून, धनसुखशेठ होते. त्याने कात्री पिशवीत ठेवली आणि फोन लावला. स्पीकरवर त्याने शेठना विचारलं, झाडावरचं सूत कापायचं का.

"कापी नाख ने! एमां शुं?" कापून टाक, त्यात काय, असं शेठ फोनवर म्हणाले.

मागून हंसाबेननी काय कापायचंय ते विचारलं, "शुं कापवानुं छे?"

शेठनी गाडीतला एसी वाढवायला सांगितला. मग शेठ काहीतरी पुटपुटले, मग हंसाबेन बोलल्या, बराच वेळ बोलल्या, आणि त्यात एकदाही श्वास घेतला नाही. शेवटी शेठचा बारीक आवाज आला. झाड तिथेच राहू दे. कामरेजला कडुलिंब लाव. लिंबाला कोणी काही बांधत नाही.

लोटूने तिथल्या तिथे ड्रम छिन्नीने फोडला आणि मुळं मोकळी केली. माती अमितने टाकली, बाह्या वर करून, एकदाच. ह्या वेळी खड्डा भरला. फोटोवाला तोवर निघून गेला होता.

कलाबाईने ओंजळीने पाणी घातलं. देवाला काय म्हणाली ते कोणालाच ऐकू आलं नाही, कारण ते तिला धुडकूला सांगायचं नव्हतं.

आता दर गुरुवारी सकाळी वडाला पाण्याचा टँकर येतो. कंपनीचा नाही, हंसाबेनचा, घरखर्चातून. फोटो नाही, बॅनर नाही. शेठला साधी सर्दी झाली तरी टँकर दोनदा येतो. गल्लीतल्या बायका आधी आपले हंडे भरून घेतात आणि मग पाइप वडाकडे वळवतात.

परवा टँकर सलग तिसऱ्या दिवशी आला. कलाबाई कात्री खाली ठेवून उठली आणि टँकरवाल्याकडे गेली.

"काय रे दादा, शेठची तब्येत बरी नाही का?"

"पोट बिघडलंय, मावशी. लग्नात जास्त खाल्लं."

"मग त्यांना म्हणावं, ताक प्या," कलाबाई पाइप बाजूला ओढत म्हणाली. "एवढ्या पाण्याने माझ्या वडाची मुळं कुजतील."