गोमानानांना आलेलं पत्र

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या गावाचं नाव निघालं की माझा चेहरा उतरतो, तो तिथल्या उन्हाच्या आठवणीने, असं तिला वाटतं. वाटू दे. आता नोकरी संपली, सायकल अंगणात गंजत पडली आहे, आणि दुपारी पडल्या पडल्या रोज तेच समोर येतं. मला कंटाळा आला आहे — लपवण्याचा आणि आठवण्याचाही.

पनवेलच्या खाडीकाठी सरकारने मला नेमलं होतं. काम एवढंच, भरतीचं पाणी शिरून खारवलेल्या शेतात भात कसं घ्यायचं ते शोधणं. चार वर्षं शोधत होतो. बाटल्या होत्या, मोजमापं होती, तक्ते होते. भात तेवढं नव्हतं. आणि माझ्या वाफ्यांना लागून गोमानानांचं शेत — हिरवंगार. नाना साठीचे आगरी शेतकरी. सगळं गाव त्यांना नाना म्हणे. मी गोमा म्हणायचो, तेही अरे-तुरे करून. सरकारी माणूस ना मी!

शेवटी लाज सोडून विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, हेच तर दुखतं. पावसाचं पाणी शेतात साठलं की आम्ही सरकारी लोक बांधाच्या दाराच्या वरच्या फळ्या काढायचो. गोडं पाणी निघून जायचं, खारं तळाला बसायचं. नानांनी बांधाच्या बुडाशी माडाचं पोकळ खोड पुरलं होतं, तोंडाला पेंढा-चिखलाचा बोळा. आठ दिवस पाणी तुंबवायचं आणि अमावास्या-पौर्णिमेची ओहोटी खोल गेली की बोळा काढायचा. वाहत्या पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावायचे. गोडं लागलं की बोळा परत.

“खारं पानी जड, सायेब,” ते म्हणाले. “ते खाली बसतं. वरचं सोडून काय उपेग?”

मी ते मोजलं, तक्त्यात घातलं, इंग्रजीत लेख लिहिला. खाली नाव माझं. तेव्हा त्यात चोरी वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली. मोजणारा तो मालक, असंच आम्हाला वाटायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं असेल, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला वर्षभरासाठी बोलावलं. मी निघालो त्या दिवशी नाना समुद्रावरच्या मोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन उभे होते — माझी बोट लांबून तरी दिसेल म्हणून. हे मला परत आल्यावर कळलं.

तिथे समुद्राचं पाणी गोडं करून शेतीला देण्याचे प्रयोग चालले होते. उतरत्या काचेखाली पाणी उन्हाने तापवायचं, वाफ काचेला धरली की ओघळून पन्हळीत येते, थेंब थेंब. त्यावर टोमॅटोचं एक रोप जगलं की सगळे बघायला जमायचे. म्हातारे प्रोफेसर भले गृहस्थ होते. माझ्या तक्त्यांवर ते खूश होते. एक दिवस माझ्या कागदांतून एक फोटो घसरला. बांधावर बसलेले नाना, हात त्या खोडावर.

हा कोण, त्यांनी विचारलं. याच्याकडून शिकलो, असं माझ्या तोंडून निघून गेलं. झालं, प्रोफेसर उठूनच उभे राहिले. मग लेखावर याचं नाव पहिलं हवं, म्हणाले. याला पत्र लिहू, प्रश्न विचारू, याची उत्तरं मागवू. उत्तरं आली तर माझं काय उरणार होतं? एक थर्मामीटर आणि सुवाच्य अक्षर.

मी म्हणालो — तो वारला.

इतकं सोपं होतं ते. प्रोफेसरांनी मान खाली घातली. फोटो ठेवून घेऊ का, विचारलं. मी हो म्हटलं. लेख माझ्या एकट्याच्या नावाने छापून आला. शेवटी बारीक अक्षरात ‘कै. गोमा’ यांचे आभार. फोटोच्या मागे नाव-गाव मीच लिहून ठेवलं होतं, हे मी साफ विसरलो.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी नाना माझ्या ओटीवर हजर. टोपीच्या घडीतून त्यांनी पाकीट काढलं, परदेशी तिकिटांचं. दोन महिने त्यांनी ते कुणाला उघडू दिलं नव्हतं.

“तिकडनं आलंय. तुमीच वाचा.”

मी वाचलं. मनात. प्रोफेसरांच्या वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरातलं पत्र, नानांच्या कुटुंबाला. तुमच्या घरचा कर्ता माणूस गेल्याचं कळलं. मी त्यांना पाहिलं नाही, त्यांचं काम पाहिलं. आमच्या एका वाफ्याला त्यांचं नाव दिलं आहे. तुमच्या दुःखात मी सहभागी आहे.

नाना समोर बसले होते, जिवंत, गुडघ्यावर हात ठेवून. आणि मी मोठ्याने वाचू लागलो, ‘तुम्ही खुशाल असाल. तुमचं काम पाहून आनंद झाला. आमच्या वाफ्याला तुमचं नाव दिलं आहे. मंडळींना नमस्कार.’

नाना रडले. मी त्यांना पाणी आणून दिलं.

त्यांनी ते पत्र पनवेलच्या बाजारात काचेत बसवून घेतलं आणि देवांच्या तसबिरींशेजारी लावलं. स्वतःच्या मरणाचं दुखवट्याचं पत्र. पुढची सहा वर्षं मी गावात गेलो की ते खाली काढलं जायचं, पाहुणे बसायचे, आणि मी वाचायचो. एकदा घाईत शेवट गाळला, तर नाना म्हणाले, “सायेब, मंडलींना नमस्कार राह्यला.” त्यांना पाठ होतं. मलाही पाठ होतं. तेव्हा सांगता आलं असतं का? दर वेळी आलं असतं. मी दर वेळी चहा घेऊन निघालो.

गेल्या वर्षी नाना गेले. दिवसकार्याला सगळं गाव अंगणात होतं. त्यांच्या मुलाने, नामदेवने, तसबीर माझ्या हातात दिली. “सायेब, बाबाचं पत्र वाचा. त्याला आवडायचं.”

काचेआडच्या ओळींवर नजर गेली. घरचा कर्ता माणूस गेल्याचं कळलं. तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. त्या दिवशी, पहिल्यांदाच, त्या पत्रातला शब्द न् शब्द खरा होता. समोर नानांची बायको बसली होती. हेच तिला ऐकायला हवं होतं, हे तिच्यासाठीच लिहिलेलं होतं. नुसतं समोरचं वाचायचं होतं.

मी घसा साफ केला आणि वाचलं, ‘तुम्ही खुशाल असाल.’