रिकाम्या जात्याची करकर

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं, मग घाम फुटतो.

लढाईचे दिवस होते. लोणावळ्याच्या ठाण्यात बाई म्हणजे मी एकटी, बायकांची झडती घ्यायला नेमलेली. अधिकारी मी पुढे कधीतरी झाले. तेव्हा माझं निम्मं ज्ञान तंबूतल्या सिनेमातलं. दुष्टाने कोंडलेली नायिका खिडकीतून हाका मारते, पडदे फाडून दोर करते आणि सज्जातून थेट घोड्यावर. मी मात्र टांग्याच्या घोड्यालाही वळसा घालून जाई.

एका सकाळी तुंगार्लीच्या बंगल्यांना दूध घालणारी मावशी ठाण्यात आली. म्हणाली, "त्या टोकाच्या बंगल्यात दोन दिस झालं रिकामं जातं फिरतंय."

आत कुणी किंचाळलं का, असं मी ऐटीत विचारलं.

"किंचाळायला कशाला पायजे? रिकामं जातं कुनी फिरवतं व्हय?"

खरंच कुणी फिरवत नाही. अपशकुन मानतात, शिवाय दगडावर दगड घासून जातं झिजतं. दाण्यांवर ते घुमतं, रिकामं करकरतं. हे मलाही ठाऊक होतं. पण मी किंकाळीची वाट बघत बसलेली. फौजदारांनी मात्र टोपी चढवली.

बंगल्याचा रखवालदार कमरेला कोयता लावून ओसरीवर बसला होता. फौजदारांनी पाणी मागून त्याला बोलण्यात गुंतवलं. हवालदार आणि मी मागे गेलो. दाराला बाहेरून कडी. ती काढून पाहिलं तर आत भाजे गावची एक तरुण बाई जातं ओढत होती. हात न थांबवता पुटपुटली, "थांबलं की त्यो येतो."

स्वयंपाकाच्या कामाला म्हणून आणून रखवालदाराने तिला कोंडलं होतं. संध्याकाळच्या गाडीने परमुलखात नेऊन विकणार होता. ओरडलीस तर कोयता, ही धमकी. जातं वाजतंय म्हणजे बाई जागेवर आहे, एवढंच तो ऐके. म्हणून भाकरीपुरतं दळून झालं की ती रिकामंच फिरवे. तो निर्धास्त, आणि रस्त्याने जाणाऱ्या बायका बेचैन.

मी समोर बसून खुंटा धरला, तेव्हा तिने सोडला. हवालदार तिला घेऊन गेला. सिनेमात या जागी तलवार असते. माझा पदर खुंट्यात अडकलेला. तिकडे ओसरीवर त्याला बेड्या पडल्या, तरी मी दळतेच आहे. शेवटी फौजदार आत येऊन म्हणाले, "बाई, पुरे आता."

जबानीत तो तिला आपली बायको म्हणाला, पण नाव विचारताच अडखळला. मग सगळं ओकला. ओकताना मधूनमधून तेच, "जातं तर चालू होतं, साहेब."

पुढच्या नोकरीत, काय झालंय ते सांगता न येणारी, नुसतं 'कायतरी चुकतंय' म्हणणारी बाई आली की मी तिला आधी बसवून घेई. भ्यालेलं माणूस हाताशी असेल त्यानेच बोलतं.

त्या दिवशी संध्याकाळची गाडी निघून गेली तेव्हा ती ठाण्याच्या पायरीवर चहा पीत भावाची वाट पाहत होती. मला म्हणाली, "लय जोरात वढत हुता तुमी. त्याला संशय आला असता."

तो जोर भीतीचा होता, हे मी सांगितलं नाही. तिने माझा हात उलटा केला आणि तळव्यावरच्या फोडांवर फुंकर घातली.